माळावरच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण मिरजेच्या पुढं त्या माळावर रविवारी सकाळी रिमोटची विमानं उडवायला येणाऱ्या कुणी हे वाचलं, तर पत्र कुणाला आहे ते त्याला लगेच कळेल.

दिवाळीच्या बोनसमधून ऑनलाइन मागवलेलं ते करडं, लढाऊ विमानासारखं दिसणारं विमान घेऊन आम्ही बापलेक आलो होतो. सात हजारांचं. पोरगं रात्री ते उशाशी घेऊन झोपलं होतं. मी फेकलं, ते वर गेलं, एका पंखावर कललं आणि शेजारच्या उभ्या उसात घुसलं. सगळं मिळून सात-आठ सेकंद. मी रिमोट तसाच धरून पळत सुटलो, तेव्हा मागून तुमचा आवाज आला, "अहो, आधी थ्रॉटल खाली घ्या की!" थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करणारी रिमोटवरची काडी. पंखा अडकलेला असताना मोटर जोर लावत राहिली तर ईएससी, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारा भाग, जळतो, हे मला कुठलं माहीत. मग तुम्ही दुसरी काडी हलवत, कान देऊन उभं राहायला लावलंत. त्या उसात कुठंतरी सर्व्हो, म्हणजे विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणारी छोटी मोटर, किरकिरत होता. आवाजाच्या मागानं पोरगं आत गेलं आणि हात चिरून घेऊन, पण विमान घेऊन बाहेर आलं.

तुम्ही ते हातावर तोललंत आणि म्हणालात, "कशाला घेतलंसा हे?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आता कळतंय. पंख लहान, वजन जास्त, म्हणजे हवेत राहायला वेग हवा; आणि वेग म्हणजे शिकाऊ माणसाला विचार करायला वेळ नाही. पंख अंगाच्या वर, टोकं थोडी उचललेली, असं विमान काडी सोडली की आपोआप सरळ होऊ पाहतं. हे तुम्ही वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलंत, ते पान पोरानं कपाटाला चिकटवलंय.

पुढच्या खरेदीला तुम्ही पैसे उलटे वाटायला लावलेत. रिमोट आणि चार्जर नीट घ्या, ते पुढच्या पाच विमानांना चालतील. विमान मात्र स्टेशनरीच्या दुकानातल्या 5 मिलिमीटर फोमबोर्डचं करा. मी सहा चॅनेलचा, म्हणजे सहा वेगवेगळे हुकूम देऊ शकणारा, साधा 2.4 गिगाहर्ट्‌झचा रिमोट घेतला. तुमच्या घरी दोन संध्याकाळी बसून, ग्लू गन आणि बांबूच्या काड्या घेऊन, मीटरभर पंखाचं विमान उभं राहिलं. तीनच चॅनेल: थ्रॉटल, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, डावं-उजवं वळवणारा रडर. दिसायला खोक्यासारखं. बायको म्हणाली, हे उडणार? बॅटरी पुढं-मागं सरकवत, पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण चौथ्या हिश्श्यावर दोन बोटं टेकवून ते समतोल राहीपर्यंत तुम्ही चहाही घेऊ दिला नाहीत.

उडवायच्या आधी पंधरा दिवस मोबाईलवर पिकासिम हा विमान उडवायचा खेळ खेळायची शिक्षा. पोराला मजा, मला कंटाळा. पण विमान आपल्याकडं तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, तिथं माझं रोज पडायचं. तुम्ही म्हणालात, "डावं-उजवं विसरा. जो पंख खाली झुकलाय, त्याला काडीनं टेकू द्या." त्या एका शब्दानं ते सुटलं.

ड्रोन नियमांचा, कुठं उडवता येतं ते दाखवणारा, तो लाल-पिवळा-हिरवा नकाशाही तुम्हीच उघडून दाखवलात. माळ हिरव्यात आहे, तरी 400 फुटांच्या वर जायचं नाही आणि नजरेआड तर नाहीच. माझ्या आधीच्या विमानाच्या डब्यात यातलं एक अक्षर नव्हतं. विकणाऱ्यानं "शिकणाऱ्यांसाठी उत्तम" मात्र ठळक छापलं होतं.

पहिल्या रविवारी तुम्ही गवताची चिमूट उडवून वारा बघितलात, वाऱ्याला तोंड करून हलकेच सोडलंत. चार मिनिटं! माझे पाय लटपटत होते. उतरताना नाक आपटलं, तुम्ही खिशातून टेप काढलात आणि दहा मिनिटांत ते परत वर. करडं विमान दुरुस्त करायला मी महिना घालवला असता, आणि बहुतेक पोराचा नाद तिथंच संपला असता.

आतापर्यंत नाक तीनदा बदललं, पंख एकदा. फोमबोर्डचा खर्च सांगायलाही लाज वाटेल इतका. एक बॅटरी मात्र फुगली. उडवून झाल्यावर रिकामीच ठेवून दिली होती, तुम्ही बजावलेलं असूनही. ते आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं.

काका, मनापासून आभार. तुमचा टेपचा रोल आमच्याकडंच राहिलाय, रविवारी आणतो. आणि पोरगं आता एलेरॉनवालं, म्हणजे पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांनी कलणारं विमान मागतंय. मी त्याला म्हटलंय, काकांना विचार.

तुमचा,
उसातलं विमान शोधणाऱ्या पोराचा बाप