स्पॅनिश शिकायला इंग्रजीचा वळसा कशाला?

संपादक महोदय,

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयाच्या जोडीला वेगळाच एखादा विषय ‘मायनर’ म्हणून घेता येऊ लागला. माझे मेजर अर्थशास्त्र, मायनर स्पॅनिश. बारावीपर्यंतचे शिक्षण बार्शीत, मराठी माध्यमात. पुण्यात मायनर निवडताना ‘इंग्रजी कच्चे आहे, परकीय भाषेच्या नादी लागू नकोस’ असा सल्ला प्रवेशाच्या टेबलावरूनच मिळाला. स्पॅनिश शिकायला इंग्रजी कशाला लागते, हे तेव्हा विचारायचे राहून गेले. आता विचारते.

आमचे पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले. ‘मे गुस्ता एल काफे’ समजावताना मॅडमनी फळ्यावर ‘आय लाइक कॉफी’ लिहिले, ते खोडून ‘कॉफी इज प्लीझिंग टु मी’ लिहिले, मग बाण काढले. निम्मा तास त्यातच गेला. ‘मला कॉफी आवडते’ म्हटले असते तर काम झाले असते! पुस्तके असली की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तिथे ‘गुस्तान’ होते. क्रियापद वस्तूच्या मागे जाते, माणसाच्या नव्हे. वर्गातल्या हिंदी भाषक मुलांनाही ‘मुझे पसंद है’वरून हे चटकन कळले असते. मॅडमना दोष देत नाही. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजे सांभाळताना वेगळे साहित्य तयार करायला त्यांना सवड कुठली?

उच्चारांचेही तेच. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य, तरी इंग्रजी वळणाने वाचणारी मुले ‘तोमाते’चे ‘टोमाटे’ करतात. नामांना लिंग असते याचे तर पुस्तकाला केवढे अप्रूप! त्यांच्याकडे दोन, आपल्याकडे तीन. आणि कुणाला ‘तू’ म्हणायचे, कुणाला ‘उस्तेद’, हे आजोबांना अहो-जाहो करणाऱ्या घरातल्या मुलीला काय शिकवायचे? ‘सेर’ आणि ‘एस्तार’पाशी मात्र मराठी हात टेकते. आपले एक ‘असणे’, त्यांची दोन. तिथे घोकंपट्टीच.

सर्वांत खटकते ती परीक्षा. स्पॅनिश उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करा, असा प्रश्न असतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला उतारा नीट कळला होता. गुण गेले इंग्रजीच्या चुकांपायी. अर्थशास्त्राचा पेपर मी मराठीतून लिहू शकते, स्पॅनिशचा नाही. स्पेन सरकारची भाषासंस्था असलेल्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसच्या ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेत तर सूचनांपासून सगळे स्पॅनिशमध्येच असते, इंग्रजीचा संबंधच नाही.

मराठीतून स्पॅनिश शिकवणारे छोटे पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले तर उत्तमच, पण त्याला वेळ लागेल. तोवर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने भाषांतराचे उत्तर मराठी वा हिंदीतून लिहिण्याची मुभा द्यावी. त्यासाठी ना निधी लागतो ना नवे पद. प्रश्नपत्रिकेतल्या सूचनेत दोन-तीन शब्द वाढवावे लागतात. पुढच्या सत्राचे पेपर निघण्याआधी एवढे व्हावे.

– कला शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे