लॅपटॉपचा प्रोसेसर कामाच्या भाराखाली सतत १०० अंशांवर राहत असूनही वॉरंटीतील तक्रार बंद केल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या सुट्या भागांचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइनचे काम पाहतो. या कामासाठी चौदा महिन्यांपूर्वी मी आपल्या कंपनीचा लॅपटॉप तीन वर्षांच्या वॉरंटीसह विकत घेतला. त्यात इंटेलचा कोअर आय७-१३७००एच हा प्रोसेसर आहे. साच्यात वितळलेले प्लास्टिक कसे पसरेल याचे गणित त्यावर चालते, तेव्हा सगळे कोअर (प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणना करणारे भाग) तास-दोन तास पूर्ण भाराखाली असतात. गेल्या तीन महिन्यांपासून हे गणित सुरू करताच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला जाऊन टेकतो आणि काम संपेपर्यंत तिथून हलत नाही.

आपल्या येथील अधिकृत सेवा केंद्राने लॅपटॉप दोनदा ठेवून घेतला. पहिल्या खेपेस विंडोज नव्याने टाकून दिली (सॉफ्टवेअरची लायसन्स पुन्हा चालू करून घेण्यात माझा दीड दिवस गेला, ते वेगळेच). दुसऱ्या खेपेस ‘तापमान कमाल मर्यादेत, दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. माझा आक्षेप या शेऱ्याला आहे.

या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, हे मला मान्य आहे. तिथे पोहोचल्यावर तो जळत नाही, हेही मान्य आहे. कारण त्या तापमानाला तो स्वतःच वेग आणि वीज कमी करून आपला बचाव करतो. जड कामात एखादा लॅपटॉप ८५ ते ९० अंशांवर चालला किंवा क्षणभर ९५ च्या वर गेला, तर मी तक्रार केली नसती. परंतु बचावाच्या मर्यादेवर दोन तास अडकून राहणे म्हणजे सामान्य स्थितीत चालणे नव्हे. या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ४५ वॉट आणि त्याच्या मोठ्या कोअरचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आहे. माझ्या लॅपटॉपवर तो २६ वॉटपर्यंत उतरतो आणि वेग १.६ गिगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळतो. वाढीव टर्बो वेग मिळत नाही अशी ही तक्रार नाही. मूळ वेगच टिकत नाही, अशी आहे.

केंद्रातील तंत्रज्ञांनी नाशिकच्या उन्हाळ्याला दोष दिला. म्हणून मी रात्री, वातानुकूलित खोलीत, २६ अंशांवर, लॅपटॉपची मागची बाजू उचलून आणि जाळी स्वच्छ करून पुन्हा चाचणी घेतली. भार देताच चार सेकंदांत तापमान ५१ वरून १०० वर गेले. धूळ किंवा खोलीतील उष्मा हे कारण असते, तर तापमान काही मिनिटांत हळूहळू चढले असते. शिवाय सहा मोठ्या कोअरपैकी दोन १०० वर असताना एक ७९ वर होता, आणि पंखे पूर्ण वेगाने फिरत असूनही जाळीपाशी हात धरला तर हवा जेमतेम कोमट लागत होती. चिपची उष्णता ती बाहेर वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांपर्यंत पोहोचतच नाही, असा याचा अर्थ मी लावतो. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे पोहोचवणारा लेप) वाळली किंवा सरकली असावी, अथवा हीट सिंक (चिपवर बसवलेला, उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग) एका बाजूने नीट बसलेला नसावा. आमच्याच कारखान्यात त्याच महिन्यात घेतलेला याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप तेच गणित ४५ वॉटवर, ८७ अंशांवर, दोन तासांत पूर्ण करतो. माझ्या लॅपटॉपला तीन तास चाळीस मिनिटे लागतात.

‘प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा ७० टक्क्यांवर ठेवा’ हा केंद्राचा सल्लाही मी पाळून पाहिला. तापमान ८२ वर आले, पण काम आणखी रखडले.

तरी विनंती अशी की, लॅपटॉप माझ्यासमोर उघडून पेस्ट बदलावी, हीट सिंकची बैठक व स्क्रू तपासावेत, गरज असल्यास हीट सिंक वॉरंटीत बदलावा आणि त्यानंतर अर्धा तास पूर्ण भाराची चाचणी घेऊन तापमान, वॉट व वेग यांची नोंद मला लेखी द्यावी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास मला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल.

दोन्ही लॅपटॉपच्या चाचणीच्या नोंदी, खरेदीची पावती आणि सेवा केंद्राचे दोन्ही शेरे सोबत जोडले आहेत. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. त्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी केंद्रात दिवसभर थांबू शकेन.

आपला विश्वासू,
एक ग्राहक
सिडको, नाशिक