टाचेमागच्या दुखण्यातून पुन्हा सायकलवर : फिजिओथेरपिस्ट मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणारे आता पुष्कळ आहेत आणि टाचेमागचे दुखणे त्यांपैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. आपण मला जे समजावून सांगितलेत ते त्यांच्याही कानावर जावे, म्हणून हे आभार चारचौघांसमोर मानत आहे.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर माझी टाच आखडलेली असे, चालल्यावर मोकळी होई आणि राजहंसगडाचा चढ चढून आलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणके. आपल्याकडे येण्यापूर्वी सायकल सोडण्याचा आणि इंजेक्शन घेण्याचा, असे दोन सल्ले मला मिळाले होते. आपण मात्र अकिलीस कंडरा, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा, चिमटीत धरून, टाचेच्या हाडापासून हळूहळू वर सरकत, नेमके कुठे दुखते ते शोधलेत. सिप्रोफ्लोक्सासिनसारखे अँटिबायोटिक अलीकडे घेतले होते का, हेही विचारलेत, कारण त्या गटातील औषधांनी कंडरेला इजा होऊ शकते. हा प्रश्न तोवर मला कोणीही विचारला नव्हता. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने दुखणे काही काळ दबेल, परंतु कंडरा तुटण्याचा धोका वाढू शकतो, हेही आपण स्पष्टपणे सांगितलेत.

पुढच्या वेळी आपण सायकल आणि बूटही आणायला लावलेत, याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. सीट इतकी उंच होती की पेडल खाली गेल्यावर टाच वर उचलली जाऊन पोटरी सतत ताणाखाली राहत होती. क्लीटही, म्हणजे बुटाच्या तळाचे पेडलमध्ये अडकणारे खाचेचे तुकडे, बोटांकडे सरकलेले होते, आणि क्लीट जितके पुढे तितका कंडरेवर भार अधिक. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहील एवढी सीट आपण खाली घेतलीत, त्याहून खाली नेल्यास टाच दबून कंडरा उलट ताणली जाईल असे बजावलेत आणि क्लीट मागे घेतलेत.

नुसत्या विश्रांतीने दुखणे शमते, पण भार पेलण्याची कंडरेची ताकद वाढत नाही, हे आपण पटवून दिलेत. त्यासाठी दिलेला व्यायाम स्वीडनचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीचा : पायरीच्या कडेवर चवडा टेकवून दोन्ही पायांनी वर जायचे आणि मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. हे गुडघा ताठ ठेवून १५ वेळा अशा ३ फेऱ्या, गुडघा वाकवून तितक्याच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणे कंडरा हाडाला जुळते तिथेच असते, तर टाच चवड्याच्या पातळीखाली न्यायची नाही, ही सूचना आपण आवर्जून दिलीत. ती वाचकांनीही लक्षात ठेवावी. व्यायामात थोडे दुखले तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणे वाढले तर भार कमी करायचा, हा आपला नियम मी आजही पाळतो.

कंडरा सावकाश सुधारते, त्यामुळे मधल्या काळात धीर सुटणे स्वाभाविक होते. माझ्याशी मराठीत आणि शेजारच्या खाटेवरील आजोबांशी कन्नडमध्ये तीच गोष्ट तितक्याच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगण्याची आपली चिकाटी त्या दिवसांत मला फार उपयोगी पडली.

आता मी जांबोटीहून कणकुंबीपर्यंत हलक्या गिअरवर, चढाला जोर न लावता, जाऊन येतो. आपण लिहून दिलेला व्यायामाचा कागद आमच्या गटातील दोन मित्रांनी मागितला होता. तो मी दिला नाही. दोघांचे दुखणे वेगवेगळ्या जागी आहे, म्हणून आधी आपल्याकडून तपासून घेण्यास सांगितले आहे. ते लवकरच आपणास भेटतील.

मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
एक सायकलस्वार, टिळकवाडी, बेळगाव