मोटार अडली की आधी मीटर लावा, मग प्रोग्राम उघडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शने आणि पदविकेच्या प्रकल्पांचे दिवस आले की मायक्रोकंट्रोलरने (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपने) वेग बदलणारी मोटार जागोजागी दिसते. कुठे छोटी गाडी, कुठे पंखा, कुठे सरकता पट्टा. तक्रारीही ठरलेल्या असतात. मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही, वेग बदलतच नाही, किंवा मोटार सुरू होताच चिपचा बोर्ड रीसेट होतो, म्हणजे आपोआप नव्याने सुरू होतो. मग मुले रात्र रात्र प्रोग्राम बदलत बसतात आणि मार्गदर्शकही तोच पुन्हा तपासतात. अशा बिघाडांचे मूळ बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात, ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या, ऋण बाजूच्या) तारेत नाहीतर ड्रायव्हरमध्ये (चिपच्या इशाऱ्यावर मोटारीला प्रवाह देणाऱ्या सर्किटमध्ये) असते, आणि ते शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो कसा लावायचा हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा संच समोर ठेवू: अर्डुइनो उनो बोर्ड, एल२९८एन ड्रायव्हरचे लाल मॉड्यूल, गिअरपेटीच्या पिवळ्या बीओ मोटारी आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. पहिली चाचणी दोन मिनिटांची आहे. प्रोग्राममध्ये वेगाची किंमत (ती ० ते २५५ असते) १२८ अशी कायम ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर घेऊन काळी पिन ग्राउंडला आणि लाल पिन बोर्डाच्या पीडब्ल्यूएम पिनेला (वेग ठरवण्यासाठी ५ व्होल्ट झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या पिनेला) लावा. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून तिथे साधारण २.५ व्होल्ट यायला हवेत. ६४ दिले तर सव्वा व्होल्टाच्या आसपास. एवढे आले की वेगाची किंमत पिनेपर्यंत नीट पोचते आहे असे समजा आणि ड्रायव्हरकडे वळा. इथेच शून्य किंवा पूर्ण ५ व्होल्ट आले, तर मात्र प्रोग्राम उघडा. या एका मापाने निम्मी शोधाशोध वाचते.

आता बॅटरी. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरसारख्या थोडा प्रवाह घेणाऱ्या उपकरणांसाठी असते. तिच्या पोटात सहा बारीक सेल ओळीने जोडलेले असतात आणि त्यांचा अंतर्गत रोध मोठा असतो. मोटार थांबलेल्या स्थितीतून उठते तेव्हा फिरण्यामुळे तिच्यात तयार होणारे विरोधी व्होल्टेज अजून आलेले नसते, प्रवाहाला अडवायला फक्त गुंडाळीचा रोध असतो. गुंडाळी ५ ओहमची आणि व्होल्टेज ६ असेल तर सुरुवातीचा प्रवाह १.२ अँपिअर होतो. दोन मोटारी एकदम उठल्या तर त्याच्या दुप्पट. चौकोनी बॅटरीला हे झेपत नाही. खात्री करायची तर मीटर बॅटरीच्या टोकांवर लावा आणि चालत्या मोटारीचे चाक हाताने एक-दोन सेकंद धरा. त्याहून जास्त धरू नका, ड्रायव्हर तापतो. आकडा ९ वरून ६ च्या खाली आला, तर दोषी सापडला.

व्होल्टेज असे कोसळते तेव्हा बोर्डावर काय होते, हे कळले तर पुष्कळ गोंधळ मिटेल. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपला १६ मेगाहर्ट्झवर भरवशाने चालायला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. कमी व्होल्टेजमुळे आपोआप रीसेट होण्याची मर्यादा मात्र बोर्डावर २.७ व्होल्टवर ठेवलेली असते. या दोन आकड्यांच्या मधे चिप बंदही पडत नाही आणि नीट चालेल याची हमीही नसते. भलतेच आकडे, मधेच अडकणारा प्रोग्राम, एकदा चालणारी आणि दुसऱ्यांदा न चालणारी गाडी हे सारे त्या पट्ट्यात घडू शकते, आणि तेव्हा संशय प्रोग्रामवर जातो.

उपाय साधा आहे. मोटारीला वेगळा पुरवठा द्या: १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल ओळीने, म्हणजे ७.४ व्होल्ट, संरक्षण सर्किटसह आणि तारेत ३ अँपिअरचा फ्यूज घालून. लिथियम सेल शॉर्ट झाला तर तार लाल होते, म्हणून शाळेत फ्यूजविना तो वापरूच नये. बोर्डाला यूएसबीतून वीज द्या. (काही पॉवर बँका बोर्डाचा किरकोळ प्रवाह पाहून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. तो बिघाड समजू नये.) ड्रायव्हरच्या पुरवठ्याच्या स्क्रूंजवळ २५ व्होल्टचा १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर धन-ऋण पाहून लावा. मोटारीच्या दोन पत्र्यांवर '१०४' छापलेला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर थेट सोल्डर करा. मोटारीच्या आतल्या ब्रशच्या (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या घासत्या टोकांच्या) ठिणग्यांचा विद्युत गोंगाट तिथेच विरतो. तो लांब ब्रेडबोर्डवर खोचला तर उपयोग फारसा होत नाही.

दोन पुरवठे घेतले की दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडावेच लागतात. हे राहून गेले तर ड्रायव्हरला पिनेवरचे ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे तेच ठरत नाही. तारेला हात लागला की मोटार चालते, हात काढला की थांबते, हे त्याचे ठळक लक्षण. बोर्डाचा ग्राउंड आणि ड्रायव्हरचा ग्राउंड यांच्यामध्ये मोटार चालू असताना मोजा, ०.१ व्होल्टहून जास्त दिसले तर तार बारीक आहे किंवा सांधा सैल आहे. मोटारीचा प्रवाह ब्रेडबोर्डमधून नेऊ नये. त्यातल्या पातळ पट्ट्या आणि जम्पर वायरी सिग्नलसाठी आहेत.

एल२९८एनबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ही जुन्या ट्रान्झिस्टर पद्धतीची चिप आहे, ती स्वतःतच व्होल्टेज खाते: १ अँपिअरला सुमारे २ ते ३ व्होल्ट. म्हणजे ६ व्होल्ट दिले तर मोटारीला जेमतेम ३ ते ४ मिळतात आणि पूर्ण वेगाचा हुकूम असूनही गाडी रखडते. ७.४ व्होल्ट सुचवण्याचे हेच कारण. मॉस्फेटवर (कमी रोधाच्या नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर) चालणारा टीबी६६१२एफएनजी ड्रायव्हर घेतला तर हे नुकसान बरेच कमी होते. तो दर मोटारीला सतत १.२ अँपिअर देतो, बीओ मोटारीला तेवढे पुरते.

वेग मुळीच बदलत नसेल तर एल२९८एन मॉड्यूलच्या ईएनए आणि ईएनबी या पिनांवरचे जम्पर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) पाहा. मॉड्यूल दुकानातून येते तेव्हा ते बसवलेले असतात आणि त्यामुळे मोटार कायम पूर्ण वेगाने धावते. ते काढून ईएनए आणि ईएनबी या टोकांना पीडब्ल्यूएम पिना जोडायच्या. पुरवठ्याजवळचा ५ व्होल्टचा जम्पर निराळा आहे, तो मॉड्यूलवरचा रेग्युलेटर (पुरवठ्यातून ५ व्होल्ट करून देणारा भाग) चालू करतो. १२ व्होल्टहून जास्त पुरवठा असेल तर तो काढलाच पाहिजे. आणि ७ व्होल्टच्या खाली उतरलेल्या बॅटरीवर त्या रेग्युलेटरमधून बोर्डाला वीज देऊ नये, कारण त्यालाच पुरेसे व्होल्टेज मिळत नाही.

प्रोग्राममधल्या खऱ्या चुका मोजक्याच. उनोवर पीडब्ल्यूएम फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवर मिळते. सर्वो (ठरावीक कोनात वळणारी मोटार) चालवणारी लायब्ररी वापरली की ९ आणि १० वरचे पीडब्ल्यूएम बंद होते, आणि बझरचा टोन ३ आणि ११ ला अडथळा आणतो. गाडीला सर्वो जोडताच चाके थांबतात त्याचे कारण हेच, म्हणून चाकांसाठी ५ आणि ६ घ्या. नॉबचे वाचन ० ते १०२३ येते, वेगाची किंमत ० ते २५५ असते. चारने न भागता वाचन तसेच दिले तर पिन ५ वर नॉबच्या एकाच फेऱ्यात वेग चार वेळा शून्यापासून वर चढतो. आणि १०२३ ला आधी २५५ ने गुणून मग भागले तर गुणाकार २,६०,८६५ होतो, साध्या इंट प्रकारच्या चलात ३२,७६७ च्या पुढे मावत नाही. अशा वेळी लाँग हा मोठा प्रकार वापरा.

कमी वेगाला मोटार नुसती गुणगुणते, त्याला कारण घर्षण आहे. गिअरपेटीसकट मोटार हलवायला किमान किंमत लागते, ६० असेल किंवा ९०. ती प्रत्येक मोटारीसाठी वेगळी काढावी लागते: शून्यापासून पाच-पाचने वाढवत जा, चाक फिरू लागेल तो आकडा लिहा. मग ७० मिलिसेकंद पूर्ण २५५ चा झटका देऊन हव्या किमतीवर उतरा. एकदा फिरू लागली की मोटार बरीच कमी किंमत सहन करते. उनोचे पीडब्ल्यूएम पिन ५ आणि ६ वर सुमारे ९८० हर्ट्झचे, बाकी पिनांवर ४९० हर्ट्झचे असते. ते कानाला ऐकू येते, त्यामुळे बारीक शिटी येणे हा दोष नव्हे.

एकाच दिशेने फिरणाऱ्या पंख्यासाठी मुले सुटा मॉस्फेट घेतात. बाजारात आयआरएफझेड४४एन सहज मिळतो, पण त्याचा कमी रोध गेटवर (त्याला उघडणाऱ्या टोकावर) १० व्होल्ट दिल्यावरचा आहे. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. आयआरएलझेड४४एन मागा, फरक 'एल' या एका अक्षराचा आहे. गेटला ओळीत २२० ओहमचा रोध, गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा, आणि मोटारीला समांतर १एन५८१९ डायोड, पट्टी धन बाजूला. डायोड विसरला तर प्रवाह तुटताना उसळणारे व्होल्टेज मॉस्फेटला मारते.

वेग कायम राखण्याचा प्रकल्प असेल तर २० खाचांची चकती घेऊन १०० मिलिसेकंदांत ठोके (सेन्सरसमोरून गेलेल्या खाचा) मोजतात. त्यात एका ठोक्याचा फरक म्हणजे मिनिटाला ३० फेरे, मग वेग खालीवर उडताना दिसणारच. दोन ठोक्यांमधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजा. इंटरप्टमध्ये (ठोका येताच मुख्य काम थांबवून चालणाऱ्या तुकड्यात) बदलणारे चल प्रोग्राममध्ये व्होलाटाइल म्हणून जाहीर करा, आणि पीआय नियंत्रणातल्या (वेगातली चूक आणि तिची बेरीज पाहून वेग सुधारणाऱ्या पद्धतीतल्या) साठत जाणाऱ्या बेरजेला मर्यादा घाला.

शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शासनाकडून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तिथली खरेदी करणाऱ्यांना विनंती आहे की दर चार मुलांमागे एक मल्टिमीटर, फ्यूज, डायोड आणि कॅपॅसिटर यादीत घालावेत. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारे किरकोळीत मिळते. परीक्षकांनाही सांगणे आहे: प्रोग्रामची छापील पाने पाहण्याआधी पाच मापे विचारा. मोटार बंद असताना बॅटरीचे व्होल्टेज, मोटार चालू असताना तेच, मोटारीच्या टोकांवरचे, दोन ग्राउंडमधले, आणि मोटार ज्या किमतीला पहिल्यांदा हलली ती किंमत. ज्या गटाच्या वहीत हे पाच आकडे असतील त्याला त्याचे गुण द्या, मग त्या दिवशी त्याची गाडी टेबलावर अडली असली तरी.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक अध्यापक, पुणे