नोबेल उपासाला मिळालेलं नाही

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत उपास आणि कॅन्सरवर लेख आला, त्यात लिहिलंय की जपानच्या योशिनोरी ओसुमींना उपासावर नोबेल मिळालं आणि दोन दिवस पोटात काही गेलं नाही की शरीर कॅन्सरच्या पेशी आपोआप खाऊन टाकतं. हाच मजकूर दर आषाढीला व्हॉट्सअॅपवर फिरतो, तिथे आपण सोडून देतो, पण पेपरात छापून आलं की लोक ते खरंच धरतात. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, म्हणून गप्प बसवेना.

ओसुमींना 2016 चं मेडिसिनचं नोबेल मिळालं हे बरोबर, पण त्यांनी माणसं उपाशी ठेवलीच नव्हती हो, त्यांचं काम यीस्टवर, पाव फुगवायला वापरतो तेच. यीस्टच्या पेशीत टाकाऊ माल पचवणारी एक पिशवी असते. त्यांनी मुद्दाम असं यीस्ट घेतलं की ज्याच्यात पचवणारी एन्झाइम्सच नाहीत आणि मग त्याचा खुराक तोडला, तर काही तासांत साध्या मायक्रोस्कोपखाली ती पिशवी बारीक बारीक गोळ्यांनी गच्च भरलेली दिसली, कारण माल येत होता पण पचत नव्हता. मग ज्या यीस्टमध्ये असे गोळे दिसतच नाहीत ती हजारोंतून शोधून काढली आणि त्यावरून ऑटोफॅजीला, म्हणजे पेशीने स्वतःचाच जुना माल मोडून खाण्याला, लागणारी जीन्स सापडली. नोबेल आहे ते ह्याला.

पेशी सतत प्रोटीन बनवते तशी सतत मोडतेही. खायला मुबलक आहे, अमिनो अॅसिड आहेत, इन्शुलिन आहे असं कळलं की एमटॉर नावाचा स्विच चालू होतो, पेशी वाढायला लागते आणि मोडणं मागे पडतं, उपासमार झाली की उलटं, जुना वाडा उतरवून त्याचंच लाकूड नि दगड परत लावावेत तसं पेशी जुनी प्रोटीन्स मोडून तेच अमिनो अॅसिड पुन्हा वापरते. म्हणजे ही सगळी धडपड पेशीच्या स्वतःच्या जगण्यासाठी आहे.

आणि कॅन्सरची पेशीही पेशीच आहे ना! लेखात नेमकं हेच सुटलंय. ट्यूमर मोठा झाला की आतल्या भागाला रक्त कमी पडतं, तेव्हा ऑटोफॅजीवरच त्या पेशी तग धरतात, म्हणून तर संशोधक हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध वापरून ती बंद पाडता येते का ते पेशंटवर तपासत आलेत. मायलोमा ह्या ब्लड कॅन्सरवरचं बॉर्टेझोमिब इंजेक्शन घ्या, तेही मोडणं थांबवतं. पेशीत प्रोटीन मोडायचा अजून एक रस्ता आहे, नको असलेल्या प्रोटीनवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनची खूण लागते आणि प्रोटिअझोम नावाचं पेशीतलं यंत्र त्याचे तुकडे करतं (युबिक्विटिनच्या कामाला 2004 चं केमिस्ट्रीचं नोबेल). मायलोमाच्या पेशी इतकं प्रोटीन बनवतात की हा रस्ता बंद केला की आतल्या आत तुंबून मरतात. मोडणं चांगलं की वाईट हे असं एका ओळीत सांगताच येत नाही.

आमच्या सोसायटीत एका काकूंची केमो चालू आहे. तुमचा लेख कापून त्यांनी फ्रिजवर लावलाय आणि दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले, डॉक्टरांना न विचारता. परवा चहाचा कप उचलताना त्यांच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या. शरीर उपाशी पडलं की स्नायूंची प्रोटीन्स ह्याच प्रोटिअझोममधून मोडली जातात, आणि केमो सोसायला तर अंगात ताकद लागते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने असा उपास केला तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येऊन पडू शकतो, त्याबद्दलही लेखात एक अक्षर नाही.

एकादशी कोणी धरावी कोणी नाही ह्यावर मला काहीच म्हणायचं नाही, माझी आईपण धरते. पण केमोच्या पेशंटनी डॉक्टर आणि डाएटिशियनला विचारल्याशिवाय जेवण तोडू नये हे तुम्ही त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा नको, तो काकूंच्या नजरेस पडणार नाही.

आपली एक नियमित वाचक,
सातारा