चि. मुक्तास, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात

सॅन होजे,
रविवार रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या वाहतूक खात्यात, त्यातही सुरक्षेच्या कामावर रुजू झालीस. परवा फोनवर माझा गळा दाटून आला आणि बोलायचं राहूनच गेलं.

आपल्या विमानतळावर ज्यांचं नाव आहे ते नॉर्मन मिनेटा तुझ्याच खात्याचे मंत्री होते. याच गावात १९३१ साली जन्मले. वडील विम्याचं काम करायचे. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर १९४२ मध्ये सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उठवलं, त्यात हे कुटुंबही होतं. दहा वर्षांचा नॉर्मन कब स्काउटच्या गणवेशात, हातात बेसबॉलची बॅट घेऊन गाडीकडे निघाला. शिपायाने ती बॅट हत्यार म्हणून काढून घेतली. आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, मग वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीत, काटेरी तारांच्या आत त्याला राहावं लागलं.

पुढे ते सॅन होजेचे महापौर झाले, वीस वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत होते. १९८८ चा कायदा व्हावा म्हणून ते झटले आणि त्या छावण्यांबद्दल देशाने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

११ सप्टेंबर २००१ ला दहशतवादी हल्ल्यांनंतर सुमारे ४,५०० विमानं खाली उतरवली गेली, ते सगळ्यांना आठवतं. हुकूम सुटला तो विमान वाहतूक प्रशासनाच्या केंद्रातून. तिथले राष्ट्रीय संचालन व्यवस्थापक बेन स्लायनी यांचा त्या पदावरचा तो पहिलाच दिवस होता! मिनेटा व्हाइट हाऊसच्या तळघरातून त्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहिले. पहिल्या दिवसाची तुला धास्ती वाटत होती, म्हणून मुद्दाम सांगतो.

पण मला ते मोठे वाटतात ते दहा दिवसांनंतरच्या एका कामासाठी. २१ सप्टेंबरला त्यांच्या खात्याने विमान कंपन्यांना लिहून कळवलं, की कुणालाही वंशावरून किंवा धर्मावरून वेगळं काढायचं नाही. देश तेव्हा भेदरलेला होता. चेहरा बघून तपासा, अशी मागणी उघडपणे होत होती आणि मिनेटांवर टीकाही खूप झाली. रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांच्या मंत्रिमंडळातले ते एकटेच डेमोक्रॅट. तरी हलले नाहीत. तपासणी कडक करायला त्यांचा विरोध नव्हताच. नोव्हेंबरात कायदा झाला आणि वर्षभरात देशभरच्या विमानतळांवर सरकारी तपासनीस उभे करण्याचं काम त्यांच्याच खात्याने केलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मी आजोबांना घेऊन निघालो होतो. एका विमानतळावर आम्हा दोघांनाच रांगेतून बाजूला घेतलं. आजोबांना गळ्यातली रुद्राक्षांची माळ काढायला लावली, मणी न् मणी चाचपला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ‘माझं काय चुकलं रे?’ असं मलाच विचारत राहिले. मला उत्तर देता आलं नाही.

आता असे नियम तुझ्या टेबलावर येतील. मसुदा वाचताना रांगेतल्या त्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसव आणि मग सही कर. जिथे पटणार नाही तिथे वरिष्ठांना लेखी कळव, नुसतं तोंडी नको.

आजोबांची ती माळ देवघरात आहे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. आई शेव पाठवतेय.

तुझे,
बाबा