दोन्ही डीव्हीडी रिकाम्या, आणि दोष म्हणे माझ्या लॅपटॉपचा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कॅसेटवरून करून दिलेल्या दोन डीव्हीडींवर काहीही दिसत नसल्याबाबत

महोदय,

माझ्या वडिलांच्या साठीशांतीची १९९६ सालची व्हीएचएस कॅसेट मी तुमच्या दादरच्या दुकानात दिली होती. तीन तासांच्या कॅसेटच्या दोन डीव्हीडी आणि १४०० रुपयांची पावती मिळाली. घरी डिस्क घातली, तर त्यात एकही फाइल नाही. प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा शून्य बाइट.

दुकानात फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, लॅपटॉप नवा असेल, त्याला जुनी डीव्हीडी कळत नाही." माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, मी यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह लावते. त्याच ड्राइव्हवर मुलाच्या बारशाची २००८ सालची डीव्हीडी त्याच संध्याकाळी लावून बघितली, ती व्यवस्थित चालली. मग तुमच्या डिस्क शेजारच्यांच्या टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातल्या. तिथेही 'नो डिस्क'.

शेवटी दोन्ही डिस्क ट्यूबलाइटखाली तिरप्या धरल्या. डीव्हीडीवर लिखाण आतून बाहेर होत जातं आणि लिहिल्या गेलेल्या भागाचा रंग थोडा बदलतो, एवढं मला माहीत होतं. 'भाग १'वर आतल्या कडेपासून गडद वर्तुळ स्पष्ट दिसतं, बाहेरची अर्ध्या बोटाएवढी पट्टी तेवढी कोरी आहे. दीड तासाच्या चित्रणाला ४.७ जीबीच्या डिस्कवर साधारण एवढीच जागा लागेल. म्हणजे लिहिलं गेलंय, पण डिस्क फायनलाइझ केलेली नाही, म्हणजे लिहून झाल्यावर ती शेवटी बंद केलेली नाही. त्याशिवाय दुसऱ्या मशीनला ती वाचता येईलच असं नाही. तुमच्या रायटरवर, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या मशीनवर, ती कदाचित आजही दिसेल. म्हणूनच बहुधा तुमच्या माणसाला आपलं काम झालंय असं वाटलं.

'भाग २'ची गोष्ट निराळी. ती कडेपासून कडेपर्यंत एकाच रंगाची आहे. घातली की लॅपटॉप विचारतो, ही डिस्क कशी वापरायची, पेनड्राइव्हसारखी की प्लेअरसाठी? हा प्रश्न कोऱ्या डिस्कलाच विचारला जातो. तिच्यावर लिहिलेलं आहे ते एवढंच : स्केचपेनने, सुवाच्य अक्षरात, 'भाग २'. कोरी डिस्क पाकिटात घालून तिचे पैसे घ्यायचे, ही चूक की सवय, हे तुम्हीच सांगा.

भाग १ मध्ये बाबा पाटावर बसलेत आणि भटजींना मध्येच थांबवून म्हणतात, "आधी तो पंखा बंद करा, समई विझतेय." त्यांचा आवाज आमच्याकडे फक्त याच कॅसेटमध्ये आहे. पावसाळ्यात तिला पांढरी बुरशी आली होती, म्हणूनच घाईने तुमच्याकडे दिली. ती पुन्हा पुन्हा मशीनवर चढवली, तर टेप टिकेल याची मला खात्री नाही.

म्हणून आधी तुमच्या कॉम्प्युटरवर कॅप्चर केलेली मूळ फाइल शोधा आणि ती सापडेपर्यंत काहीही डिलीट करू नका. फाइल मिळाली, तर मला डीव्हीडी नको, माझ्या पेनड्राइव्हवर द्या. ती नसेल, तर 'भाग १' तुमच्याच रायटरमध्ये घालून फायनलाइझ करा. 'भाग २' नव्याने करावा लागला, तर बुरशी साफ करून टेप एकदाच चालवा. डिस्क द्यायच्या आधी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

फोनवर 'री-रायटिंगचे' वेगळे ३०० रुपये मागण्यात आले, ते मी देणार नाही. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ला, फोन करायची वेळ माझ्यावर आणू नका.

पावतीची प्रत आणि दोन्ही डिस्कचे ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. शनिवारी सकाळी ११ वाजता पेनड्राइव्ह घेऊन मी दुकानात येते. कॅसेट गोदामात असेल, तर तोपर्यंत काउंटरवर आणून ठेवा.

आपली ग्राहक,
गिरगाव, मुंबई